लाइनवर ऐकलेलं

आई,

धावड्याची लाइन आता बंद आहे. तुटलेली नाही, चालू आहे, पण तिच्यातून काय जातं ते मधल्या कुणाला दिसत नाही की ऐकू येत नाही. ते काम संपून काही आठवडे झाले, तरी मला एका जागी बसवत नाही. आज रविवार. दुपारची वेळ आहे. मघाशी चहा टाकला तो गाळायचा राहिला, मग दुसरा टाकला, तोही ओट्यावर तसाच निवून गेला. घरातल्या घरात फेऱ्या मारून पाय दुखायला लागले तेव्हा म्हटलं, तुलाच लिहावं. या धंद्यात मला जे कळत नाही ते विचारायला तुझ्याशिवाय माणूस नाही, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुला फक्त फोटोत ओळखते.

मी काय करते ते आधी सांगते. तू गेलीस तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि मी रेडिओ दुरुस्त करायला शिकते असं तू शेजारपाजारी सांगायचीस. आता मी जालन्यातल्याच एका बियाणं कंपनीत आहे. मुख्य ऑफिस औद्योगिक वसाहतीत, बियाणं साफ करून पिशव्या भरायचा प्लँट बदनापूरला, शेतकऱ्यांकडून माल घ्यायचं केंद्र घनसावंगीला आणि नवे वाण लावून बघायचं शेत धावड्याला. या सगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर आणि टेबलावरचे फोन एकमेकांना जोडलेले असतात. ते जोडलेले ठेवणं हे माझं काम. तुझ्या वेळच्या जालना–हैदराबाद ट्रंक लाइनसारखंच समज. लाइन आमच्या मालकीची नसते, टेलिफोन कंपनीकडून भाड्यानं घेतलेली असते. मधे तू नाहीस, एवढाच फरक. तुझ्या जागी पेट्या आहेत. या गावातून त्या गावात जाईपर्यंत आपलं बोलणं आणि आपले कागद कितीतरी पेट्यांमधून जातात, आणि त्या पेट्यांच्या खोल्यांची किल्ली आपल्याकडे नसते.

म्हणून लाइनला कुलूप लावावं लागतं. म्हणजे एवढंच, की इकडच्या टोकाचा राउटर, म्हणजे आमची स्वतःची पेटी, सगळ्याचा असा चुरा करतो की तो फक्त तिकडच्या टोकाच्या राउटरलाच पुन्हा जुळवता येतो. दोघांकडे जोडीची किल्ली असते. मधे कुणी कान लावला तरी हाती चुराच येतो. याला आम्ही एनक्रिप्शन म्हणतो. तुला हे सांगताना मला हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. कारण मी जे यंत्राकडून करून घेते, ते तू नुसत्या तोंड बंद ठेवण्यानं करत होतीस.

टेलिफोन एक्सचेंजमधून, ऑपरेटरची ड्युटी संपवून, तू घरी यायचीस तेव्हा केसांवर हेडफोनच्या पट्टीची खूण असायची. ती खूण जाईपर्यंत तू फारसं बोलायची नाहीस. मला आत येऊ देत नसत म्हणून शाळा सुटल्यावर मी कँटीनच्या बाकावर बसून गृहपाठ करायचे, आणि दार उघडलं की तुमचे आवाज यायचे, हैदराबाद बोला, नांदेड बोला, तीन मिनिटं झाली, वाढवायची का. लाइन लागली की नाही हे बघायला तुम्हाला मधे कान द्यावाच लागायचा. आख्ख्या गावाचं जन्म-मरण तुझ्या कानावरून जायचं. आणि तरी आपण बाजारात गेलो की तो कापडवाला तुला सांगायचा, बाई, मुलीला मुलगा झाला हैदराबादला, आणि तू हातातली पिशवी खाली ठेवून म्हणायचीस, "काय सांगता? कधी?" तो कॉल तूच जोडलेला असायचा. तुझ्याइतकं खरं आश्चर्य मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

एकदाच मी तुला विचारलं होतं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचे वडील हैदराबादच्या दवाखान्यात होते, तिच्या घरचे रोज ट्रंक कॉल लावत होते, आणि ती शाळेत येत नव्हती. तू स्टोव्ह पेटवत होतीस. मी म्हटलं, आई, बरे आहेत का गं तिचे बाबा? तू पिन मारत राहिलीस. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तू वळलीस आणि म्हणालीस, "तिथं बसले की मी यंत्र असते. यंत्राला इचारतात का?" आवाज चढला नव्हता तुझा. पण मी त्यानंतर कधीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू माझ्या डब्यात शिरा दिलास आणि म्हणालीस की शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे जाऊन बस थोडा वेळ. मी गेले. घरासमोर माणसं जमली होती.

मग ते मावशीचं स्थळ. तुला आठवत नसेल असं होणारच नाही. आजोबा बस्ता बांधायला घनसावंगीहून आपल्याकडे उतरले होते, संगं मावशी. मुलगा सरकारी नोकरीत होता, घरचं बरं होतं, सगळे खूश होते. मावशी चुलीपाशी भाकरी थापत होती आणि मी तिच्या शेजारी पीठ मळायचं नाटक करत होते. तू ड्युटीवरून आलीस. चप्पल काढली नाहीस. आजोबांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आबा, हे स्थळ नको."

आजोबा म्हणाले, "आगं, पत्रिका छापायला दिल्या. काय झालं?"

"कारण इचारू नका. फक्त नको म्हणा."

मावशीचा हात थापतच राहिला. भाकरी इतकी पातळ झाली की परातीतच फाटली. ती फाटलेली भाकरी गोळा करून तिनं पुन्हा थापायला घेतली, पण तुझ्याकडे वर पाहिलं नाही. आजोबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. स्थळ मोडलं. गावानं म्हटलं, थोरलीला बघवलं नाही. मावशीनंही तेच म्हटलं. पुढे तिचं घनसावंगीतच एका शेतकऱ्याच्या घरी लग्न झालं, चांगला माणूस होता. पण ती तुझ्याशी बोलायची ते कामापुरतं. दिवाळीला आली तरी पाहुण्यासारखी बसायची. तू लाइनवर काय ऐकलं होतंस ते तू तिला सांगितलं नाहीस, आजोबांना नाही, बाबांना नाही. शेवटच्या आजारात मी रोज तुझ्या कॉटशी बसत होते, आणि मी विचारलं नाही, कारण मला तो स्टोव्ह आठवत होता.

आता माझं ऐक.

गेल्या हंगामात आमच्या शेठना बाजारात दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत कपाशीचं एक वाण दिसलं, आमच्या नव्या वाणासारखंच. आमचं तर अजून विकायलाही काढलं नव्हतं, धावड्याच्या शेतात बघणंच चालू होतं. कोणत्या दोन वाणांचा संकर करून ते झालं, हे मोजक्या लोकांना माहीत. शेठनी मला बोलावलं. "ताई, माहिती कुठून बाहेर जाऊन राह्यली बघ."

मी म्हटलं, "शेठ, आपली लाइनच उघडी आहे."

"उघडी कशी? प्रायव्हेट लाइनचं भाडं भरतो मी."

मी त्यांना सांगितलं की प्रायव्हेट म्हणजे आपल्यासाठी वेगळी काढलेली, कुलूप लावलेली नव्हे. त्यांना पटलं नाही. मग मी म्हटलं, परवानगी द्या, परवा तुमच्यासमोर दाखवते. त्यांनी परवानगी दिली.

दाखवायच्या आदल्या दिवशी सकाळी मी करून बघायला बसले. टेलिफोन कंपनीची पेटी आणि आमचा राउटर यांच्यामधे लॅपटॉप लावला आणि जे जाईल ते उतरवून घेतलं. मला वाटलं होतं धावड्याच्या नोंदींचे तक्ते दिसतील. ते दिसलेच, अगदी वाचता येतील असे. पण सगळ्या ठिकाणचे आमचे फोनही याच ऑफिसातून, त्याच लाइनवरून जातात. बोलण्याचे बारीक तुकडे होऊन जातात, आणि ते ओळीनं लावले की पुन्हा आवाज होतो. एक कॉल सापडला. आवाज स्वच्छ येतो का ते बघायला मी हेडफोन घातला.

धावड्याच्या शेतावरचे मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणतात. शेत सुरू झालं तेव्हापासून तेच बघतात. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, वडील कळप घेऊन डोंगराच्या अंगानं फिरायचे. मामा शाळा शिकले आणि कंपनीत लागले. ते बदनापूरच्या प्लँटवरच्या त्यांच्या जुन्या दोस्ताशी बोलत होते.

"डोळ्यानं बराबर दिसून न्हाई राह्यलं रे. पाटीवरचा नंबर वाचता येत न्हाई."

"मंग नोंदी कोण करतंय?"

"सून येती संगं. ती नंबर वाचती, ल्हेती. मी बोंडं मोजतो."

"शेठला सांगून टाक."

"सांगितलं की घरी बस म्हणतील. घरी काय करू? मेंढरं बी इकून टाकले."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आई, लाइनवरून शांतताही जाते. तिचेही तुकडे येत राहतात, एकामागे एक, अगदी शिस्तीत. मी हेडफोन काढला नाही. मग मामा म्हणाले, "नातीचं तोंड बी आता धुकट दिसतंय," आणि दोस्त म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ आपण, मी येतो संगं." मी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग फाइल पुसून टाकली आणि कँटीनमध्ये जाऊन पाणी पिऊन आले.  पण मला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर मी स्वतःचाच कॉल लावला. बदनापूरला फोन करून पेपरातलं हवामान वाचून दाखवलं आणि मग लॅपटॉपमधून माझाच आवाज त्यांना ऐकवला. शेठ खुर्चीत पुढे सरकले. घाबरतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "हे मला रोज ऐकता यील का? इथं बसून?"

"शेठ, मी हे बंद करायला आलेय."

"बाहेरच्यांला बंद कर. माझ्यापाशी एक किल्ली ठेव."

मी म्हटलं की मी तसं लावून देणार नाही, टेबलावरच्या फोनांनाही आतून कुलूप लावीन, म्हणजे ऑफिसातसुद्धा कुणाला ऐकता येणार नाही. ते हसले. रागावले नाहीत, आणि त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली. मग ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "लाइनचं तू बघ. पण चोर मला सापडलाय. ड्रायव्हर सांगत होता, धावड्याला एक बाई रोज प्लॉटात फिरती. आपल्या पगारावर न्हाई. पाटीवरचे नंबर ल्हेऊन घेती. म्हाताऱ्यानं ठेवलीय. या आठवड्यात दोघांला पोलिसांत देतो."

मला सगळं माहीत होतं आणि मला काहीच बोलता येत नव्हतं. ती सून आहे म्हटलं तर विचारतील, तुला काय माहीत. ती का येते ते सांगितलं तर मामांची नोकरी गेली. आणि खरं सांगू, सून नंबर विकत नसेल हे तरी कशावरून? मी फक्त दोन म्हाताऱ्या माणसांचा आवाज ऐकला होता. पण तो आवाज खोटा नव्हता, एवढं मला कळत होतं. हे कळणं कशातून येतं गं? तुला कळायचं का?

मी म्हटलं, "शेठ, इतके दिवस लाइन उघडी होती, आत्ताच तुम्ही ऐकलंत. माहिती धावड्याहून गेली, मधल्या पेटीतून गेली की या ऑफिसातून गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही. पोलिसांनी मला विचारलं तर मी हेच सांगेन. सगळीकडे कुलूप लागेपर्यंत थांबा."

"तू त्याची बाजू कामून घेऊन राह्यली?"

"कारण विचारू नका."

तुझेच शब्द होते. बोलून झाल्यावर मला कळलं. शेठ खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "काम उरकून घे जल्दी."

मी उरकत सुटले. बदनापूरला सरळ झालं. घनसावंगीला अडलं. छोटं सगळं जात होतं, मोठे तक्ते मधेच थांबायचे. पाकीट पाकिटात घातलं की ते जाड होतं आणि जाड पाकीट मधल्या फटीतून जात नाही, तसा प्रकार. आकार कमी करून दिला तेव्हा सुरळीत झालं. मी घाई करत होते कारण शेठ किती थांबतील याचा भरवसा नव्हता. जेवताना, गाडीत, मुलीचा अभ्यास घेताना माझ्या डोक्यात एकच, की कुलूप लागेल आणि मग काय? मग शेठ पुन्हा मोकळे. मी फक्त वेळ मागून घेतला होता.

शेवटी धावडा. भोकरदन मागे टाकलं की समोर डोंगर दिसायला लागतो. शेतावरच्या खोलीत मी राउटर बसवला आणि तो बोलेना. लाइट गेली की तिथल्या राउटरचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसायचं, आणि वेळ जुळल्याशिवाय दोन टोकं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. मामा माझ्या शेजारी स्टुलावर बसून होते. सून चहा घेऊन आली, तरुण, डोक्यावरून पदर, बोटांना शाई. कप तिनं मामांच्या हातात नीट टेकवला आणि मगच सोडला. ती गेल्यावर घड्याळ जुळलं, जालन्याशी जोडणी झाली. आता या लाइनवर कुणीच ऐकणार नव्हतं. तेव्हा मी बोलले.

"मामा, काम सुरू करायच्या आधी मी लाइन तपासली होती. तुमचं बदनापूरशी बोलणं माझ्या कानावर आलं."

त्यांनी कप खाली ठेवला. टेबलाची कड चाचपून ठेवला. "किती आलं?"

"सगळं."

"शेठला सांगितलं?"

"नाही."

"मंग मला कामून सांगून राह्यल्या?"

मी त्यांना सांगितलं की शेठना वाटतंय सूनबाई नंबर विकतात, पोलिसांत जायचं म्हणतायत, मी थांबवून धरलंय, पण फार दिवस नाही थांबवता येणार. तुम्ही स्वतः सांगितलंत तर बरं होईल.

ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "म्हंजी तुम्ही सांगितलं न्हाई, अन् मला सांगावंच लागंल असं करून ठिवलं."

मी म्हटलं, "सूनबाईंवर आळ येतोय, मामा."

"ते कळलं मला. मी आंधळा होऊन राह्यलो, बहिरा न्हाई."

निघताना त्यांनी नेहमीसारखं गाडीपर्यंत यायचं केलं नाही.

काही दिवसांनी ते बसनं जालन्याला आले, सून हाताला धरून. शेठच्या खोलीचं दार बंद होतं. आत काय झालं मला माहीत नाही, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की माहीत नसणं किती बरं असतं. बाहेर आले तेव्हा मामांचा चेहरा नुकती दाढी केल्यासारखा उघडा दिसत होता. सुनेला शेठनी नोंदी ठेवायला पगारावर घेतलं. मामांना घरी बसवलं. रागानं नाही, मानानं, हार घालून. पण घरीच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा थोडा वाचेल. माहिती बाहेर कुठून गेली ते आजवर कळलेलं नाही, आणि शेठ दुसऱ्या कुणाकडून ऐकायची सोय करून घेतील की काय, हेही मला माहीत नाही. मी रोज बघते कुणी काही लावलंय का. अजून तरी नाही.

धावड्याला काही कामाचा फोन केला की सून उचलते. मामांचं घर शेताला लागूनच आहे, दुपारी ते तिथं येऊन बसतात. मी विचारते, "मामा आहेत का?" ती म्हणते, "हायेत. पण ते फोनवर येत न्हाईत." मी एकदा म्हटलं, त्यांना सांगा, आता कुणालाच ऐकू येत नाही, मलासुद्धा नाही. तिनं सांगितलं असावं, मला त्यांचा आवाज मागे अस्पष्ट आला, शब्द कळले नाहीत. मग ती म्हणाली, "न्हाई म्हणतेत."

यानंतर घनसावंगीला थोडं राहिलेलं काम होतं. ते करून मी मावशीकडे गेले. ती थकली आहे आता, अंगणात बाजेवर बसून असते. तुला ठाऊक आहे ती प्रत्येक वेळी काय विचारते. या वेळीही पाणी देऊन झाल्यावर म्हणाली, "तुझ्या मायनं काय ऐकलं होतं गं तवा? तुला तर सांगितलंच आसंल."

मी म्हटलं, "मावशी, मला नाही सांगितलं." आणि मग का कोण जाणे, नाव-गाव न सांगता मी तिला माझं सगळं सांगितलं. लाइन, हेडफोन, म्हाताऱ्याचे डोळे, सून, कुलूप. तिनं पदराला गाठ मारत मारत ऐकलं.

"म्हंजी आता कोणालाच काई ऐकू येणार न्हाई?"

"मधल्या कुणालाच नाही."

"मंग कोणाची बहीण असली तर?"

मी बाजेच्या कडेला टेकले. ती म्हणाली, "मी वाचले का माझं नुकसान झालं, हे मला अजून बी कळलं न्हाई. पण तिनं ऐकून सोडून दिलं असतं तर? दाराशी यिऊन उभी राह्यली ती, चप्पल बी न काढता. एवढं तर केलं तिनं." मग पदराची गाठ सोडत, "पर सांगायला पाहिजे होतं. भांडले असते, रडले असते. बहिणीला बहिणीपाशी रडू द्यावं."

आई, मी तिथून निघाले तेव्हापासून ही अशी फिरते आहे. तू कुणाला सांगितलं नाहीस आणि बहीण गमावलीस. मी ज्याचं होतं त्याला सांगितलं आणि तो माणूस माझ्याशी बोलत नाही. यात बरोबर काय होतं ते मला ठरवता येत नाही. मी लावलेली कुलुपं चांगली आहेत, यात मला शंका नाही. कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब, प्लँटवरच्या बाईचं दवाखान्याचं बोलणं, हे मधल्या पेटीतल्या कुणी का ऐकावं? उद्या पुन्हा अशी लाइन दिसली तर पुन्हा लावीन. पण ऐकू आल्यावर माणसानं काय करायचं, हे मला राउटरच्या कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही, आणि तुझ्याकडे ते असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता वाटतं, तुझ्याकडेही नसावं. तूही हेडफोन काढून अशीच घरी येत असशील, आणि कोण काय म्हणेल याचा विचार न करता आजोबांसमोर उभी राहिली असशील, आणि मग आयुष्यभर मनात फिरत राहिली असशील. मला फक्त तुझं फिरणं दिसलं नाही. तू भांडी घासायचीस, आणि मी अभ्यास करायचे.

हे पत्र कुठे जायचं नाही, मला ठाऊक आहे. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी मी मामांना सांगितली नाही, मावशीलाही नाही. त्या सकाळी आवाज स्वच्छ येतो हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. तिथेच हेडफोन काढता आला असता. पुढचं मी काळजीनं ऐकलं नाही, कामासाठीही नाही. दोन माणसं एकमेकांशी इतकी हळू, इतकी खरी बोलत होती, आणि माझ्याशी असं कुणी बोलून फार दिवस झाले होते. मला ते ऐकायला बरं वाटत होतं. संपलं तेव्हा वाईट वाटलं, ते मामांच्या डोळ्यांचं नव्हतं. बोलणं संपलं याचं होतं.